कोरणाऱ्याचं नाव

१८९२ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. कापडावर नक्षी उठवण्यासाठी जपानी कारागीर जे कागद कोरतात, त्यातल्या शंभरांच्या प्रतिकृती त्यात होत्या. पुस्तक काढणारे अँड्र्यू ट्यूअर यांनी शीर्षकपानावरच छापून टाकलं होतं की या नक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या माणसाला त्यातलं काहीही कळत नाही. ही कबुली मला आवडते. त्याच शीर्षकात 'साचे कोरणारा जपानी कारागीर' असा उल्लेखही आहे. पण हा कारागीर कोण, कुठल्या गावचा, याचा त्या पानावर पत्ता लागत नाही. नक्षी लंडनला पोचली, कोरणारा वाटेत गळला.

तो वाटेत गळला हे मला गेली कित्येक वर्षं खुपतं आहे. आता त्यावर लिहावंसं वाटलं, कारण जपानी नक्षी कोणाची, यावरचा वाद पुन्हापुन्हा पेटतो आणि दर वेळी तो दोनच वाटांनी जातो. २०१५ साली बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने क्लोद मोने यांच्या १८७६च्या एका चित्रासमोर प्रेक्षकांना चित्रातल्यासारखा लाल किमोनो अंगावर चढवून फोटो काढायला बोलावलं. निदर्शनं झाली आणि किमोनो घालून बघण्याचा कार्यक्रम गुंडाळावा लागला. २०१९ साली किम कर्दाशियन यांनी आपल्या अंतर्वस्त्रांच्या मालाला 'किमोनो' हे नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी त्यांना पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. नाव बदललं गेलं. अशा प्रत्येक वेळी एक बाजू म्हणते, पाश्चात्त्यांनी चोरलं. दुसरी म्हणते, कलेला मालक नसतो, घेणाऱ्याने घ्यावं.

मला दोन्ही पटत नाही. नक्षीला मालक नसावा, हे मी मानतो आणि पुढे त्यासाठी भांडणारही आहे. पण नक्षी उचलताना तिचं गाव आणि तिचं तंत्र, आणि ठाऊक असेल तर माणूस, यांचं नाव तिच्याबरोबर गेलंच पाहिजे. संग्रहालयं, डिझाइनच्या शाळा आणि कापड विकणाऱ्या कंपन्या याला सौजन्य समजतात. माझ्या मते ते कर्तव्य आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते पाहू. तिला कातागामी म्हणतात. जपानच्या मिए प्रांतात, इसेच्या आखाताला लागून सुझुका शहर आहे. तिथली शिरोको आणि जिके ही दोन गावं म्हणजे या कामाचं माहेर. तुतीच्या जातकुळीतल्या कोझो झाडाच्या सालीपासून हातकागद करायचा. असे दोन-तीन कागद, एकाचे धागे उभे तर दुसऱ्याचे आडवे येतील असे, काकी फळाच्या आंबवलेल्या तुरट रसाने चिकटवायचे. काकी हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं फळ. मग कागद धुरी देऊन पक्का करायचा. तो तपकिरी होतो, पाण्यात भिजून लगदा होत नाही, ताणला तर फाटत नाही. असे अनेक कागद एकावर एक ठेवून एकदम कोरतात. कोरण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. एकीत अर्धगोल पात्याची आरी कागदावर टेकवून फिरवली की गोल भोक पडतं. दुसरीत बारीक पातं उभं धरून पुढे ढकलत नेतात. तिसरीत पाकळीच्या, पानाच्या, चौकोनाच्या आकाराची हत्यारंच कारागीर आधी स्वतः घडवतो आणि मग ती कागदात ठोसतो. चौथी पट्ट्यांची: पोलादी पट्टी लावून सरळ रेघ ओढायची, ती पुन्हा ओढायची, हात जराही न थरथरता. आरीच्या बारीक कामात तीन सेंटिमीटरच्या चौरसात नऊशेच्या आसपास भोकं पडतात. एक भोक चुकलं की सगळा कागद वाया.

हा कागद मग रंगाऱ्याकडे जातो. तो कापडावर ठेवून वरून तांदळाची खळ फासायची, कागद उचलून पुढे सरकवायचा, पुन्हा खळ. जोड जुळावा म्हणून कडेला बारीक ठिपके कोरलेले असतात, त्यांना 'होशी' म्हणजे तारे म्हणतात. कापड रंगवून धुतलं की खळ निघून जाते आणि तिथे रंग न लागलेली नक्षी उरते.

रांगोळीचा जाळीदार छापा ज्यांनी वापरला आहे त्यांना यातली खरी मेख चटकन कळेल. छाप्यात गोल कोरायचा तर गोलाच्या आतला तुकडा कशाला तरी धरून राहावा लागतो, नाहीतर तो गळून पडतो आणि हातात नुसतं भोक राहतं. म्हणून कागद कोरणाऱ्याला आकार सुटे काढताच येत नाहीत. पानाने देठाला धरायचं, देठाने लाटेला आणि लाटेने पुढच्या लाटेला. कापायच्या भागाइतकंच लक्ष न कापायच्या भागावर ठेवावं लागतं. साडीच्या भाषेत सांगायचं तर बुट्टी आणि जमीन यांत इथे थोरली-धाकटी कोणी नाही, जमिनीलाही बुट्टीइतकाच आकार असतो.

युरोपला नेमकी हीच गोष्ट ठाऊक नव्हती. १८५०च्या सुमाराला इंग्लंडमधले गालिचे आणि भिंतीचे कागद पाहिले तर त्यांच्यावर सावली-उजेडासकट रंगवलेले टपोरे गुलाब दिसतात. फूल खरं वाटलं पाहिजे हा आग्रह आणि जमीन म्हणजे मागे उरलेली रिकामी जागा. या प्रकारावर चिडलेले विचारवंत तेव्हाही होते. त्यातले एक ओवेन जोन्स. १८५६ साली त्यांनी जगभरच्या अलंकरणांचा जो ग्रंथ काढला, त्यात हिंदुस्थानी नक्ष्यांना मानाचं प्रकरण आहे, चिनी आहे, अरबी आहे. जपानी प्रकरण नाही. अमेरिकी आरमाराच्या कमोडोर पेरींची जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागून तीनच वर्षं झाली होती, आणि जपानी माल लंडनला अजून फारसा दिसतच नव्हता.

त्यानंतरची चाळीस वर्षं फार वेगाची आहेत. १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात ब्रिटिश राजदूत रदरफर्ड ऑलकॉक यांनी जमवलेल्या जपानी वस्तू मांडल्या गेल्या. त्या पाहून भारावलेला इंग्रज डिझाइनर क्रिस्टोफर ड्रेसर १८७६-७७ मध्ये स्वतः जपानला गेला, कारखाने आणि कारागिरांची घरं हिंडला आणि १८८२ मध्ये त्याने जपानच्या वास्तुकलेवर आणि कारागिरीवर मोठं पुस्तक लिहिलं. मग १८६७ला पॅरिसचं प्रदर्शन, १८७३ला व्हिएन्नाचं. १८७५ मध्ये आर्थर लिबर्टी यांनी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर पौर्वात्य मालाचं दुकान थाटलं. सिगफ्रीड बिंग या पॅरिसच्या व्यापाऱ्याने १८८८ पासून १८९१ पर्यंत जपानी कलेवरचं एक देखणं मासिक तीन भाषांतून चालवलं. त्यात या नक्ष्या छापून येत आणि कारखान्यांतले चित्रकार त्या समोर ठेवून काम करत. याच बिंग यांनी १८९५च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये दालन उघडलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आर नूव्हो', नवी कला. पुढे एका अख्ख्या शैलीला तेच नाव चिकटलं. त्या शैलीच्या पायात शिरोकोच्या जुन्या कागदांचा केवढा भराव आहे, हे आठवलं की 'नवी' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो.

व्हिएन्नात हा संस्कार सर्वांत खोल गेला असं मला वाटतं. तिथल्या उपयोजित कलेच्या संग्रहालयात, आजच्या 'माक'मध्ये, सुमारे दहा हजार कोरीव कागद आहेत. बरेचसे हाइनरिश फॉन सीबोल्ट यांच्या संग्रहातून आलेले. १९०० साली व्हिएन्नाच्या सेसेशन या कलावंतांच्या गटाने आपलं सहावं प्रदर्शन पूर्णपणे जपानी कलेला वाहिलं. त्याच गटातल्या कोलोमान मोझरची कापडाची डिझाइनं पाहा. एक मासा, त्याच्या बाजूला उरलेली जागा, आणि ती जागा म्हणजेच उलट दिशेने पोहणारा दुसरा मासा. कागद कोरणाऱ्याला जे नाइलाजाने शिकावं लागलं होतं, ते मोझरने पेन्सिल हातात घेऊन आपखुशीने केलं. नुसती वळणदार रेघ उचलणारे त्या काळात शेकड्यांनी होते. मोझरने रेघेमागचा विचार उचलला, आणि तशा उचलण्याला मी चोरी म्हणणार नाही.

चोरी न म्हणण्याचं दुसरंही कारण आहे. हा माल जपानने स्वतः बाहेर काढला. व्हिएन्नाच्या १८७३च्या प्रदर्शनात मेइजी सरकार अधिकृतपणे उतरलं होतं, आणि पुढच्याच वर्षी निर्यातीसाठी सरकारच्या पाठबळाने एक कंपनी उभी राहिली. पाश्चात्त्यांना काय आवडतं याचा अंदाज घेऊन जपानी कारागिरांना नमुने पुरवले जात. व्यवहार समान पातळीवरचा होता असं कोणी म्हणू नये. १८५८चे व्यापारी करार असमान होते, जकातीवरही जपानचा पूर्ण ताबा राहिला नव्हता. पण विकणारा तिथे हजर होता, त्याला विकायचं होतं, हे विसरून आपण त्याला नुसता लुटला गेलेला भाबडा ठरवतो, तेव्हा त्याच्यावर आणखी एक अन्याय करतो.

मग तक्रार काय? तक्रार पाटीवर काय लिहिलं जातं त्याची आहे. एका युरोपीय संग्रहालयात मी एक छापील कापड पाहिलं. खाली पाटी: चित्रकाराचं नाव, गिरणीचं नाव, वर्ष. शेजारच्या काचेत एक कोरीव कागद. पाटी: 'जपान, १९वं शतक'. दोघांमधलं नातं सांगायला वर भिंतीवर एक शब्द होता, 'प्रभाव'. वीस मिनिटं मी तिथे उभा होतो. माझ्या बायकोला वाटलं मला बरं वाटत नाही. मी एवढंच बघत होतो की कापडावर छापील काम करणाऱ्याला नाव आहे, आणि ज्याच्या हाताखालून नऊशे भोकं एकसारखी निघाली त्याच्या वाट्याला एक देश आणि एक शतक आलं आहे.

याउलट जपानी चित्रकार होकुसाईकडे पाहा. १८६६ साली फेलिक्स ब्राकमों यांनी एका फ्रेंच व्यापाऱ्यासाठी ताटवाट्यांचा संच आखला. त्यावरचे मासे, कोंबडे, किडे सरळ होकुसाईच्या रेखाटनांच्या वह्यांतून उचललेले. आज तो संच जिथे कुठे मांडला जातो तिथे होकुसाईचं नाव येतंच. का? लाकडी ठशांच्या छापील चित्रांवर चित्रकाराची सही असे. सही होती म्हणून श्रेय मिळालं, सही नव्हती म्हणून 'प्रभाव' झाला. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात १८८९ साली विकत घेतलेले सुमारे पंधरा हजार कोरीव कागद आहेत. पंधरा हजार कागदांमागचे हात एका सहीअभावी हवेत विरून जावेत, हे मला मान्य नाही.

इथे हमखास एक उत्तर येतं: नावं मिळतच नाहीत, तर लिहिणार काय? माणसाचं नाव मिळत नसेल तर गावाचं मिळतं, आणि गावाचं नाव किती टिकतं याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. जपानी शब्दकोशात 'चाउजिमा' असा एक शब्द आहे. हलकं, पातळ रेशमी कापड, मुख्यतः हाकामा या घेरदार वस्त्रासाठी वापरलं जाणारं. त्यातलं 'चाउ' म्हणजे चौल. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला लागून असलेलं आपलं चौल. पोर्तुगीज जहाजांनी तिथलं रेशीम जपानला नेलं आणि १६८०च्या दशकात क्योतोच्या विणकरांनी ते स्वतः विणायला घेतलं. विणकर क्योतोचा, गिऱ्हाईक जपानी, आणि नाव चौलचं. ते बदलायची गरज त्यांना वाटली नाही. असंच चेन्नईजवळच्या साँ तोमेवरून 'सांतोमेजिमा' आणि बंगालवरून 'बेंगाराजिमा' हे पट्ट्यांचे प्रकार आले. चौलच्या ज्या साळ्याने मूळ कापड विणलं त्याचं नाव जपान्यांनाही ठाऊक नव्हतं. पण गाव त्यांनी जपलं. आज चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाताना इथे कधीकाळी रेशीम विणलं जात होतं याची खूण दिसत नाही, ती खूण जपानी कोशात आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सतराव्या शतकात जे जमलं ते एकविसाव्यात का जमू नये? 'जपान, १९वं शतक' ऐवजी 'इसे कातागामी, आरीचं काम. शिरोको-जिके परिसर' असं लिहायला आणखी एक ओळ लागते. प्रत्येक कागद इसेचाच असेल असं नाही, तपासावं लागेल. तपासायलाच तर संग्रहालयं असतात. २०१२ साली तोक्योच्या मित्सुबिशी इचिगोकान संग्रहालयाने कातागामीवर मोठं प्रदर्शन भरवलं, कोरीव कागद आणि त्यावरून घडलेली पाश्चात्त्य कामं समोरासमोर ठेवली. असं काम होऊ शकतं, त्यासाठी इच्छा लागते.

आता दुसऱ्या बाजूशी माझं भांडण. नाव हवं म्हणताच काही जण पुढची पायरी सुचवतात: मग नक्षीची मालकीच नोंदवून टाका. याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो जपानच्याच इतिहासातून आलेला आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, नक्षीला मालक होते. बारीक ठिपक्यांच्या काही नक्ष्या ठरावीक सरदार घराण्यांसाठी राखीव असत. माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी ठिपक्यांची नक्षी किशू तोकुगावांची, आणि ती इतरांनी घालायची नाही. याच किशू घराण्याचं संरक्षण शिरोकोच्या कारागिरांना होतं, म्हणजे कोरणारा एक आणि हक्क दुसऱ्याचा. सामान्य माणसांनी यातून आपली वाट काढली. ज्या नक्ष्या राखीव नव्हत्या त्यांत त्यांनी भाजीपाला, घरातली अवजारं, शुभ अर्थाचे शब्दखेळ असं काहीही कोरून घ्यायला सुरुवात केली. लांबून कापड साधं एकरंगी दिसायचं, भपकेबाज कपड्यांना मनाई करणारा कायदा पाळल्यासारखं.

हाच खेळ २०२० साली पुन्हा झाला. 'किमेत्सू नो यायबा', आपल्याकडची मुलं ज्याला डेमन स्लेअर म्हणून ओळखतात, त्या कथेतल्या पात्रांच्या अंगरख्यांच्या नक्ष्या ट्रेडमार्क म्हणून नोंदवून मिळाव्यात असा अर्ज प्रकाशक शुएइशाने केला. सहा नक्ष्या होत्या. तीन नोंदल्या गेल्या. उरलेल्या तिघींमध्ये एक नायक तांजिरोची हिरव्या-काळ्या चौकटींची, दुसरी त्याच्या बहिणीची तागाच्या पानांची, तिसरी त्रिकोणी खवल्यांची. पेटंट कार्यालयाने या तीन नाकारल्या. या नक्ष्या साऱ्यांच्या आहेत, त्यावरून अमुक एका कंपनीचा माल ओळखू येत नाही, असा त्यामागचा विचार. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. तागाचं रोप सरळ आणि भराभर वाढतं म्हणून जपानी आया पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यावर ते पान घालत आल्या. ते उद्या एखाद्या कंपनीच्या नावावर झालं असतं तर त्या बाळंतविड्याचं काय?

आणि मालकी कोणापासून मोजायची? लाटांची नक्षी इराणातही सापडते. एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची, जिला जपानी 'शिप्पो' म्हणतात, ती सिंधू संस्कृतीच्या मडक्यांवर आहे. वेलीची नक्षी भूमध्य समुद्रापासून चीनमार्गे नाराला पोचली. या सगळ्यांच्या मागे जात राहिलं तर मालक सापडणार नाही, फक्त वकील सापडतील.

चौकटीच्या त्या नक्षीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ती फार जुनी, पूर्वी तिला फरसबंदी अशा अर्थाचं नाव होतं. १७४१ साली सानोगावा इचिमात्सू नावाचा तरुण काबुकी नट पांढऱ्या-निळ्या चौकटींचा हाकामा घालून रंगमंचावर आला. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, बायकांनी ती नक्षी डोक्यावर घेतली आणि तेव्हापासून तिचं नाव झालं इचिमात्सू. नटाने ती शोधली नव्हती, तिच्यावर त्याचा हक्क नव्हता, कोणी त्याला पैसे दिले नाहीत. पण नाव राहिलं, पावणेतीनशे वर्षांनंतरही. २०२० ऑलिम्पिकच्या पहिल्या बोधचिन्हावर नक्कल केल्याचा आरोप झाला आणि ते २०१५ मध्ये मागे घ्यावं लागलं. मग आसाओ तोकोलो यांनी जे दिलं ते याच इचिमात्सूचं नवं रूप होतं, तीन आकारांचे पंचेचाळीस आयत. नव्या चिन्हाला तोकोलोंचं नाव मिळालं आणि नक्षीला इचिमात्सूचं राहिलं. दोघांत भांडण झालं नाही. मला हवं आहे ते हेच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिझाइनच्या वर्गात आर नूव्हो शिकवताना मोझरच्या आधी कातागामी यावी. आज आपल्याकडेही विद्यार्थी संगणकावर 'लाटांचा पॅटर्न' म्हणून जे उतरवून घेतात, त्याला 'सेइगाइहा' हे नाव आहे आणि ते एका दरबारी नृत्यावरून आलं आहे, हे त्याच दिवशी कळावं. कापड विकणाऱ्यांनी चिठ्ठीवर ते छापावं. आणि हाताने कोरलेला कागद खरोखर वापरला असेल, तर कोरणाऱ्याला मोबदला आणि नाव, दोन्ही मिळावं. किमोनो रोजच्या वापरातून गेला, कोरणारे हात थोडे उरले आहेत. त्यांना काम हवं आहे, आणि नाव असलं तर गिऱ्हाईक त्यांच्या दारापर्यंत पोचतं.

जपानने स्वतः हे एकदा करून दाखवलं. १९५५ साली सरकारने इसेच्या या कलेला अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला, आणि तो देताना कलेबरोबर सहा माणसांची नावं लिहिली. आरीने कोरणारे रोकुतानी बाइकेन. पातं पुढे ढकलत कोरणारे नाम्बू योशिमात्सू. हत्यारं ठोसून कोरणारे नाकाजिमा हिदेकिची आणि नाकामुरा युजिरो. पट्टे ओढणारे कोदामा हिरोशी. आणि जोनोकुची मिए. पट्ट्यांचा कागद कोरून झाला की त्याच्या लांब, सुट्या फिती खळ फासताना हलू लागतात. म्हणून कागदाचे थर सोडवून, मध्ये रेशमाचे धागे ताणून, फीत न् फीत जुळवत ते पुन्हा चिकटवायचे. मिएबाई ते धागे घालत.